पारड्यात न बसणारी राजकन्या

एक होता राजा. त्याच्या राज्याचं नाव तोलनगर. राजा मनाने भला, पण नवस बोलायला भारी उतावळा. त्याला लेक झाली ती एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. रडायचंही त्राण नव्हतं तिच्यात. मग राजाने काय केलं? चौकातल्या देवीसमोर हात जोडले आणि म्हणाला, "आई, माझी पोर जगू दे. दर वाढदिवसाला तिच्या वजनाएवढा गूळ गावाला वाटीन."

पोर जगली, बरं का. तिचं नाव ठेवलं सोनकी.

पहिल्या वाढदिवसाला चौकात मोठा तराजू टांगला. एका पारड्यात सोनकी, दुसऱ्यात गूळ. गूळ लागला थोडासाच. एकेकाच्या वाट्याला खडा आला तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा. लोकांनी तो जिभेवर ठेवला, देवीला नमस्कार केला आणि घरी जाताना एकमेकांना म्हणाले, "पोर जरा भरली पाहिजे."

तिथून सगळं सुरू झालं.

सोनकी चालायला लागली. मग ती गावात आली की दारादारांतून हात पुढे. "घे गं बाई, लाडू." "घे गं राणी, करंजी." "एकच घे, माझी शप्पथ आहे तुला." प्रेमाने द्यायचे, खोटं कशाला बोलू? पण त्या प्रेमाच्या पोटात एक बारीकसा हिशेब होता. पोर वाढली की गूळ वाढतो.

आयुष्य गेलं माझं दुकानाच्या गल्ल्यावर, मला असले हिशेब लांबून दिसतात. आमच्या पेठेत एक कापडवाला होता. बाई दुकानात शिरली की आधी तिच्या पोराच्या हातात लिमलेटची गोळी ठेवायचा, मग लुगडी उलगडायचा. पोर गोळी चघळत गप्प, आई निवांत. लोक म्हणायचे, काय देवमाणूस आहे! अरे, ती गोळी लुगड्याच्या भावात धरलेली असायची. म्हणून फुकट खाऊ मिळाला ना, की देणाऱ्याच्या हाताकडे बघू नका, डोळ्यांकडे बघा.

तर त्या राजवाड्याला गूळ पुरवायचा माणिकशेठ. डोक्याने तल्लख. सोनकी जितकी जड, तितका त्याचा गूळ खपणार. मग तो वाढदिवसाला जादूच्या वस्तू भेट द्यायला लागला.

पहिली आणली चांदीची वाटी. ती रिकामी होतच नसे. बासुंदी संपली की श्रीखंड, श्रीखंड संपलं की शेव. भूक लागायची वाटच बघायला नको.

मग आणली पालखी. तिला भोई नव्हते. स्वतःच्या लाकडी पायांनी टुकुटुकु चालायची. सोनकी उठली की पालखी पुढ्यात हजर. अंगणात जायचंय? पालखी. न्हाणीघरात जायचंय? तरी पालखी. सोनकीच्या पायांना काही कामच उरलं नाही.

मग आणला आरसा. त्यात आपलं तोंड दिसायचं नाही, गोष्टी दिसायच्या. एक संपली की दुसरी आपोआप सुरू. सोनकी डोळे चोळत म्हणायची, "आता झोपते." की आरसा म्हणायचा, "अगं, थांब ना, आता वाघ येणार आहे!" मग कसली झोप? डोळे आरशात, हात वाटीत. पोट भरलं का, हे पोटाला कुणी विचारतच नव्हतं.

वर्षं गेली. सोनकी मोठी झाली, गुळाचा ढीग मोठा झाला. गाव खूश, राणी खूश, माणिकशेठ तर विचारूच नका.

एके दिवशी आरशात गोष्ट रंगली होती आणि खिडकीखालून कल्ला ऐकू आला. सोनकीने वाकून पाहिलं. पोरी लंगडी खेळत होत्या. परटिणीची धुरपा एका पायावर अशी पळत होती, जशी काही जमीन तापली आहे. सोनकीला वाटलं, आपणही खेळावं. इतकं आतून वाटलं, की पालखी यायच्या आत ती जिना उतरून खाली.

"मला घेता?"

"घेतो की," धुरपा म्हणाली. "पण नवीन आलीस, तुझ्यावर राज्य."

सोनकीने पाय उचलला. एक उडी मारली. दुसरी मारली. तिसरीला धाप लागली, गुडघा कळवळला आणि ती मटकन खाली बसली.

भागी नावाची एक पोर होती. ती टाळ्या पिटत ओरडली, "गुळाची ढेप पडली गं!"

धुरपा कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभी राहिली. "ढेप म्हणतेस? आणि ती ढेप फोडल्यावर ओच्यात घालून घरी कोण नेतं गं? तूच ना?"

सोनकीने विचारलं, "म्हणजे काय?"

"तुला माहीत नाही?" धुरपाला नवल वाटलं. "तू जितकी जड, तितका आम्हाला गूळ जास्त. माझी आईच म्हणते, राजकन्येला खाऊ दे बाई, आपलंही तोंड गोड होतंय."

सोनकी रडली नाही, बरं का. तिला राग आला. स्वतःच्या अंगाचा नाही. अंगावर काय रागवायचं? त्याने बिचाऱ्याने दिलं ते निमूट घेतलं. तिला राग आला त्या पारड्याचा.

मग ती आईकडे गेली. "आई, मला धाप लागते. मला लंगडी खेळायचीय. ती वाटी काढ ना."

राणीने बोटं मोडली. "दृष्ट लावून घेशील! खात्यापित्या घरची लेक आहेस. मोठी झालीस की आपोआप उतरेल."

मग ती राजवैद्यांकडे गेली. त्यांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "उत्तम! अति उत्तम!" तोंडात गुळाचा खडा होता, म्हणून नीट कळलं नाही एवढंच.

मग ती माणिकशेठकडे गेली. "शेठ, तुमच्या वस्तू परत न्या."

शेठ गोड हसले. "बाईसाहेब, मी काय बळजबरी करतो? वाटी काय आपण होऊन तोंडात येते? आपल्या मनावर आपला ताबा पाहिजे."

"ताबा मी ठेवायचा," सोनकी म्हणाली, "आणि वाटी तुम्ही भरत राहायची, असं का?"

शेठचं हसू जरा वाकडं झालं.

वाढदिवस उजाडला. चौक माणसांनी फुलला. तराजूला झेंडूच्या माळा. वाजतगाजत पालखी आली, पण रिकामी! आणि तिच्या मागून सोनकी पायी. चेहरा लाल, श्वास वरखाली. पारड्यासमोर येऊन उभी राहिली.

राजा म्हणाला, "बस, बाळ."

"नाही बसणार."

राजाने पारड्याकडे बोट दाखवलं.

"अगं, नवस आहे."

"नवस गूळ वाटायचा आहे ना, बाबा? वाटू या की. पण मला तोलायचं नाही. मी काही विकायला ठेवलेली नाही. त्या टोकाच्या कोठारातून मी माझ्या हातांनी उचलून, माझ्या पायांनी चालून जेवढा गूळ इथे आणीन, तेवढा वाटायचा."

पुजारी पुढे झाला. "देवी कोपेल!"

"का कोपेल? बाबांनी तिच्याकडे माझं जगणं मागितलं होतं. वजन कुणी मागितलं?"

पुजारी राजाकडे बघायला लागला, राजा पायांच्या अंगठ्याकडे. गर्दीतून मात्र ओरडा सुरू झाला. "आणि आमचा गूळ?" "ही काय आणणार, डोंबल!" सगळ्यांत मोठा आवाज धुरपाच्या आईचा.

सोनकी निघाली. कोठारातून तिने गुळाची एक भेली उचलली, छातीशी धरली आणि परत फिरली. वाटेत दोनदा टेकली. पालखी मागे मागे टुकुटुकु, "बस ना, बस ना." सोनकीने वळून असा काही दम भरला, "चल हट!", की पालखी जी उधळली ती थेट उकिरड्याशी जाऊन थांबली. पुढे तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

भेली देवीपुढे आली. "घ्या," सोनकी धापा टाकत म्हणाली. "वाटा."

गावाच्या वाट्याला काय आलं? नुसता वास! लोक बोटं चाटत, कुरकुरत घरी गेले.

आता खरी गंमत ऐका. घराघरांत विचार सुरू झाला. पुढच्या वर्षी गूळ हवा तर काय पाहिजे? राजकन्येच्या हातांत बळ पाहिजे, छातीत दम पाहिजे. हिशेब फिरला की माणसं कशी फिरतात बघा! लाडूवाली म्हणाली, "घे गं बाई, काकडी." करंजीवालीने भाकरी, मेथीची भाजी आणि वर वाटीभर ताक दिलं, आणि म्हणाली, "पोट भरलं का? मग राहू दे, बळेच नको." परटीण रोज सांगायला लागली, "धुरपे, राजकन्येला खेळायला ने गं." राजवैद्यांना एकदम आठवलं की मुलांनी वेळेवर झोपावं. त्यांनीच जाऊन आरशावर गोधडी टाकली. आरसा आतून "वाघ! अगं, वाघ!" करत राहिला, मग दमून गप्प झाला. राजाने हुकूम काढला, गल्लीत खेळणाऱ्या पोरांना जो हाकलेल त्याला दंड.

राणी सगळ्यांत उशिरा वळली. आईचं मन असतं ते. पण एक दिवस सोनकी धाप न लागता जिना चढून वर आली आणि हसत आईच्या गळ्यात पडली. राणीने तिच्या छातीला कान लावला. मग उठली आणि वाटी पालथी घालून ठेवली. पालथ्या वाटीत काय भरणार, सांगा?

आणि माणिकशेठ? तो नाचणी विकायला लागला. तसला माणूस उपाशी राहत नाही.

मी गूळ विकलाय, माझ्या तोंडून गुळाची निंदा ऐकू येणार नाही. सणाला खावा, पुरणात खावा, उन्हातून आलेल्याला पाण्याबरोबर द्यावा. रात्रंदिवस हाताशी ठेवू नये, एवढंच.

सोनकीला सगळं कळत होतं, बरं का. गाव गुळासाठी बदललंय, हे तिला दिसत होतं. ती म्हणाली, "होऊ दे. मला खेळायला मिळतंय ना?"

पुढचा वाढदिवस आला. सोनकी कोठारातून बाहेर आली ती डोक्यावर अख्खी ढेप घेऊन. कुठे टेकली नाही की थांबली नाही. चौकात येऊन ढेप धाडकन ठेवली. लोकांनी एकच गजर केला.

तेवढ्यात एक लांबची मावशी नाक मुरडून म्हणाली, "ते ठीक आहे, पण बारीक कुठे झालीय?"

सोनकी बाजूला सरकली. "मावशी, या. उचला बघू ही ढेप."

मावशीने पदर खोचला. जोर केला. कण्हली, कुंथली. ढेप जागची हलली नाही. सगळा चौक हसला आणि मावशीही हसत हसत खाली बसली.

गूळ फुटायच्या आधीच सोनकी अंगणाकडे धावली. "माझ्यावर राज्य!" म्हणाली आणि पाय उचलला. पोरी किंचाळत पळाल्या. सोनकी उड्या मारत मारत अंगणाच्या पार कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिने भागीला धपकन धरलं. भागी म्हणाली, "सोड ना गं!" सोनकी म्हणाली, "अजून दम आहे. धुरपे, आता तू!"

तोलनगरात पुन्हा कुणी कुणाच्या पोराला तोललं नाही. राजा, राणी, पोरंबाळं, सगळी वेळेवर जेवली, पोटभर खेळली, गाढ झोपली आणि सुखात राहिली.

आता पडा बघू. पांघरूण घ्या गळ्यापर्यंत. सकाळी अंगणात मी पदर खोचून उभी आहे. या म्हातारीला पकडून दाखवा, मग बोलू.