अक्षरांची पाठ

फार वर्षांपूर्वी, डोंगर जास्त आणि त्यांना नावं देणारी माणसं कमी होती तेव्हा, एका गडावर एक किल्लेदार राहत असे. माणूस शूर होता, सरळ होता, पण भारी ताठ. जेवायलासुद्धा तो पहाऱ्यावर असल्यासारखा बसे.

त्याला एकुलती एक मुलगी होती, सहा वर्षांची. तिच्यावर त्याचा फार जीव होता, पण तो हे कुणाला कळू देत नसे. तिलाही नाही. माया दाखवली की धाक संपतो, असं त्याला वाटे.

तरी एक गोष्ट तो न चुकता करी. दिवस कलला की बैठकीवर बसून पुढे चौरंग ओढी, त्यावर पोथी उघडी आणि मुलीला मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवी. मुलगी चौरंगाच्या पलीकडे, त्याच्या समोर पाटावर बसे. हाताची घडी, तोंड बंद. किल्लेदार ओळीवरून बोट फिरवी आणि तिचे डोळे त्या बोटाच्या मागोमाग जात.

"अहो, पोरीला जवळ घेऊन बसा की," त्याची बायको म्हणे. "पोथी काय चावणार आहे तिला?"

"मांडीवर घेऊन ऐकवायला ही काय अंगाई आहे?" किल्लेदार म्हणे. "विद्या समोर बसून घ्यायची असते. मी अशीच घेतली."

बायको आपल्या कामाला लागे. या माणसाशी वाद घालून कुणी जिंकल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

गडाच्या पायथ्याशी एका आचार्यांची पाठशाळा होती. तिथं शिकायला येणाऱ्या मुलानं पोथीतलं एक पान वाचून दाखवायचं. वाचलं तर प्रवेश, नाही तर आल्या पावली परत. आचार्य एकदा नाही म्हणाले की ते दार कायमचं बंद होई. किल्लेदाराला मात्र घोर नव्हता. इतकं वाचून दाखवलंय, पोरीला चार अक्षरं तरी आलीच असतील, असं त्यानं धरलं होतं.

ठरल्या दिवशी तो मुलीला घेऊन गड उतरला. आचार्यांनी तिला समोर बसवून तिच्यापुढे पान ठेवलं. मुलीनं ते क्षणभर पाहिलं आणि उलटं फिरवलं, खालची बाजू वर.

आचार्यांनी पान सरळ केलं. मुलीनं ते पुन्हा फिरवलं.

"पोथी नीट धर!" आचार्य कडाडले आणि त्यांनी पानावर हात दाबून धरला.

मुलीनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, पण तिच्या तोंडून एक अक्षर निघेना.

"किल्लेदार, हिला पोथीचं वर-खाली कळत नाही," आचार्य म्हणाले. "घरकाम शिकवा."

एव्हाना सगळं तुमच्या लक्षात आलं असेल. किल्लेदाराच्या आलं नाही. त्याला फक्त एवढंच दिसलं की चारचौघांत आपली मान खाली गेली.  घरी आल्यावर त्यानं पोथी कापडात गुंडाळली आणि फळीवर टाकली.

"बाबा, नावाडी बुडाला का वाचला?" मुलीनं विचारलं. त्यांची गोष्ट ऐन वादळात थांबली होती.

"तुला काय करायचंय?" किल्लेदार म्हणाला.

त्यानंतर बैठकीवर वाचन झालं नाही. मुलगी खेळेना, धड जेवेना. बायकोनं नवऱ्याशी बोलणं सोडलं. ते आधीही फारसं नव्हतं, पण आता तेवढंही राहिलं नाही.

एके दुपारी किल्लेदार फेरी मारून लवकर परतला. बैठकीतून बारीक आवाज येत होता. तो दारातच थबकला. मुलगी नेहमीच्या पाटावर बसली होती. पोथी चौरंगावर होती, किल्लेदाराच्या रिकाम्या जागेकडे तोंड केलेली. ओळीवर बोट फिरवत मुलगी अडखळत वाचत होती, "ना-वा-ड्यानं... फळी... धरली."

त्यानं हे पान तिला कधी वाचून दाखवलंच नव्हतं!

"पोरी," तो म्हणाला, "उलटीकडून कशी वाचतेस?"

मुलगी दचकली, मग हळूच म्हणाली, "अक्षरं मोठ्या माणसांकडे बघतात ना, बाबा. लहानांना त्यांची पाठच दिसते. मी पाठीवरून ओळखते."

किल्लेदार तिच्या शेजारी खाली बसला. तिच्या जागेवरून त्यानं पोथी पाहिली. एक ओळ त्याला धड लावता येईना. मोठमोठे खलिते वाचणारा तो माणूस, पण एवढ्याशा पोरीनं त्याच्या ताठपणाच्या पलीकडून काय कमावलंय, ते त्याला तेव्हा कळलं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो मुलीला घेऊन पुन्हा पाठशाळेत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे वाकला. "एकदा तिला तुमच्या समोर बसू द्या," तो म्हणाला, "आणि पोथी तुमच्या बाजूनं सरळ ठेवा."

आचार्यांनी नाखुशीनं तसं केलं. मुलगी वाचू लागली. ती सावकाश वाचत होती, मधूनच अडत होती, पण तिनं पान पुरं केलं.

"हिला शिकवलं कुणी?" आचार्यांनी चकित होऊन विचारलं.

"शिकवलं मीच," किल्लेदार म्हणाला. "फक्त बसलो चुकीच्या जागी."

आचार्यांनी मुलीला पाठशाळेत घेतलं. पोथीवर दाबलेला आपला हात आठवून त्यांनी तिची माफीही मागितली.

त्या संध्याकाळी किल्लेदारानं बैठकीवर मुलीला आपल्या कुशीत बसवलं आणि पोथी दोघांच्या पुढ्यात उघडली. मुलगी बराच वेळ पानाकडे बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "आज अक्षरं माझ्याकडे बघताहेत."

किल्लेदारानं तिचं बोट धरून पहिल्या ओळीवर ठेवलं. पाठीवरून ओळखीची झालेली अक्षरं आता तोंडावरून ओळखत, अडखळत, ती ओळ मुलीनंच वाचली.

तात्पर्य : मुलाला वाचून दाखवायचं असेल, तर त्याच्या समोर बसू नये, शेजारी बसावं.