युरियाचा वास

काळ्या मातीच्या एका गावात एक शेतकरी होता, आणि त्याला आपल्या नाकाचा भारी अभिमान होता. कुणाच्या घरी काय फोडणीला पडलंय, ते हा रस्त्यावरून सांगायचा. गाव त्याला नाकपाटील म्हणायचं आणि हा गडी त्यावर खूशही व्हायचा.

त्याचं गव्हाचं रान मात्र चोपण होतं. पाणी दिलं की चिखल, वाळलं की वर पांढुरका टणक पापुद्रा. गहू पिवळा पडला की नाकपाटील युरिया फेकायचा. रानातून नाकाला झोंबणारा वास उठला की बायकोला म्हणायचा, "बघ, खत कसं लागू पडलंय!" वास कमी वाटला की आणखी एक गोणी. गहू तरी दरवर्षी पिवळाच. शेवटी वैतागून त्याने वीटभट्टीवाल्याला शब्द दिला, "यंदा ओंबी भरली नाही, तर माती उचलून ने."

बायकोने ते ऐकलं. मातीच गेली तर मागे उरणार काय, खड्डा! ती तडक कृषी सहायक बाईंना रानात घेऊन आली.

बाईंनी ढेकूळ फोडून पाहिलं. "दादा, वास येतो म्हणजे खत हवेत उडून जातंय. चोपण मातीत असंच होतं. युरियाला ह्युमिक ॲसिड चोळा, मग टाका आणि लगेच हलकं पाणी द्या. नत्र मुळांपाशी टिकेल, मातीही हळूहळू मोकळी होईल."

"ॲसिड?" नाकपाटील उडालाच. "ओ बाई, आमच्याकडे त्यानं मोरी धुतात!"

"ते वेगळं, दादा," बाई हसल्या. "हे सेंद्रिय आम्ल. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यात असतं तेच."

बायकोचा चेहरा बघून त्याने ऐकलं आणि सांगितलं तसं खत टाकून पाणी दिलं. पण दुसऱ्या दिवशी रानात जाऊन पाहतो, तर वासच नाही! त्याचं धाबं दणाणलं. धावत घरी आला आणि गोणी खांद्यावर घेतली.

बायको दारात आडवी उभी राहिली. "अहो, हिंगाची डबी उघडी राहिली की घरभर वास सुटतो ना?"

"सुटतो."

"मग डबीत काय उरतं?"

नाकपाटलाने खांद्यावरची गोणी सावरली.

"आता वास नाही, म्हणजे डबी बंद आहे. ठेवा ती गोणी खाली."

आयुष्यभर ज्या नाकावर भरवसा टाकला, त्याचं न ऐकणं त्याला फार जड गेलं. तरी त्याने गोणी खाली ठेवली. मग रोज बांधावर जायचा, हात मागे बांधून उभा राहायचा आणि तसाच परत यायचा. जीव टांगणीला लागला होता बिचाऱ्याचा.

हळूहळू पिवळी पात हिरवी झाली. पाणी वर न साचता मुरायला लागलं. ओंब्या भरल्या.

भट्टीवाला मशीन घेऊन आला, त्याने एक ओंबी तळहातावर चोळली. टपोरे दाणे बघून म्हणाला, "पाटील, मी माती दुसरीकडे बघतो." मशीन माघारी वळलं आणि नाकपाटील मटकन बांधावर बसला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अहो, आता कशाला रडताय?" बायकोने विचारलं. तिचेही डोळे भरले होते.

"सुटलो गं," तो म्हणाला. "रान राहिलं आपलं."

मुलांनो, तात्पर्य एवढंच: आपण किती दिलं याचा तोरा मिरवू नये, ते मुळापर्यंत पोचलं का, ते बघावं.