राळ्यांच्या पिशवीची कहाणी

ऐका, बायांनो, राळ्यांच्या पिशवीचा वसा. एक आटपाट नगर. तिथं कासाराच्या घरी दोन सुना, थोरली सकवार, धाकटी भिवरा. सकवारेच्या लेकाचंही लग्न झालेलं, त्याची बायको घरात. भिवरेच्या छातीत गाठ झाली. वैद्यानं एक बाजू कापून काढली. जीव वाचला, पण सासू म्हणाली, "सवाष्ण अव्यंग हवी. तुला पाटावर कशी बसवू?" भिवरा कोपऱ्यात बसे, पुरणाचा वास घेई आणि रडे.

मग तिनं चोळीत कापूस भरला. वाकली की तो गळ्याशी येई. मग तांदूळ भरले. ते घामानं आंबले, मुंग्या लागल्या. मग भिवरा जीव द्यायला नदीवर गेली. तिथं एक म्हातारी भेटली. "अगं अगं मुली, एका अंगाला का कललीस?" भिवरेनं सगळं सांगितलं. म्हातारीनं पदरातले राळे, बारीक गोल दाणे, दिले. "जुन्या लुगड्याची पिशवी शीव, त्यात हे भर. वजनाला वजन मिळेल, पाठ सरळ होईल. वसा एवढाच, कुणी दुखरी बाई विचारील तिला पिशवी काढून घाव दाखवायचा. उतायचं नाही, मातायचं नाही."

तसंच झालं. खांद्याची कळ गेली, पदर नीट बसला. सासूनं निरखून पाहिलं. "आता कुणाला कळायचं नाही," म्हणाली, पाटावर बसवलं, ओटी भरली. भिवरा उतली, मातली.

मग एकदा विहिरीवर सकवारेनं विचारलं, "भिवरे, तुझी गाठ पहिल्यानं कशी लागायची ग?" भिवरेनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग चुलीपाशी विचारलं. भिवरा म्हणाली, "कसली गाठ, बाई?" मग माजघरात सकवारेनं तिचा हातच धरला. "एकदा दाखव ग. मला भ्या वाटतंय." भिवरेला पाट आठवला. हात सोडवून घेतला, म्हणाली, "मला कुठं काय झालंय?"

सकवारेनं पुन्हा विचारलं नाही. वाळत गेली, वाळत गेली, एक दिवस मेली. बायका न्हाऊ घालायला बसल्या. चोळी काढली, तर आत सगळं सडलेलं. सासूनं त्यावर हळद लावली, डोळे पुसले, म्हणाली, "पोर अव्यंग गेली हो."

भिवरेनं चोळी सोडली, पिशवी काढून खाली ठेवली. "बायांनो, नीट पाहा. मी अव्यंग नाही, म्हणून जिवंत आहे. हिनं तीनदा विचारलं, मी तीनदा लपवलं." सासूनं तोंड फिरवलं. मग सकवारेची सून पुढं सरकली. भिवरेचा हात धरला, आपल्या छातीवर ठेवला, म्हणाली, "काकी, हीच का ती?"

भिवरेला उशिरा सुचलं, ते तुम्हां-आम्हां वेळेवर सुचो. साठ जणींनी झाकलेली ही कहाणी एकीच्या तोंडून सुफळ संपूर्ण.