दार न उघडता

चिपळूणच्या सरोजिनी केतकरबाई गाणं शिकवायला गावोगाव जात आणि त्यांची पेटी गाडीच्या मागच्या सीटवर असे. म्हणून त्यांनी दिगंबरशेठ लोटलीकरांच्या दुकानात गाडीला सेंट्रल लॉक बसवून घेतलं. महिन्याभरात मागचं दार लॉक होईना. एकदा बाजारात पेटी चोरीला जाता जाता वाचली, तेव्हा बाई तडक दुकानात आल्या.

शेठनी गिऱ्हाइकांसमोरच कारागिराला दाराचं आतलं पॅनल काढायला लावलं. बिजागरीपाशी वायर तुटली होती.

बाई म्हणाल्या, "ताणून बसवलीत, म्हणून तुटली."

शेठ गुरकावले, "माझं काम चोखच असतं! तुम्ही सारखं दार उघडता, म्हणून तुटली. त्याला गॅरंटी नाही."

बाईंना राग आला, पण त्यांनी आवाज चढवला नाही. "चुकलंच माझं. आता दार न उघडता गाडीत कसं बसायचं, तेवढं एकदा तुम्ही बसून दाखवा."

शेठनी आपल्या पोटाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. तोवर सगळं दुकान हसायला लागलं होतं.

शेठ कारागिराकडे वळून म्हणाले, "नवी वायर टाक रे. आणि या खेपेला जरा ढील ठेव."