नवे कार्ड, जुना पॉवर सप्लाय

संगणकाच्या पेटीतले भाग एकमेकांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. शर्मिष्ठाने सुटे भाग जोडून आपला पहिला संगणक उभा केला. पुढे त्यात दांडगे ग्राफिक्स कार्ड बसवले. सगळ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय मात्र जुनाच ठेवला.

खेळ सुरू होताच कार्ड ओरडले, "आजोबा, अजून वीज सोडा! की दमलात?"

पॉवर सप्लाय तापला होता. नाही म्हणावे तर आपली रवानगी भंगारात. रेटावे तर सगळेच जळणार. की आपण उगाच घाबरतोय?

"आजोबा, चटके बसताहेत हो!" मदरबोर्ड कळवळला.

"पोरांनो, मला हे पेलवत नाही," म्हणत म्हातारा स्वतःहून बंद पडला.

शर्मिष्ठाने पेटी उघडून त्याचे स्क्रू सोडवायला घेतले. शेजारी मदरबोर्ड हळूहळू निवत होता, तेवढे म्हाताऱ्याने बघून घेतले.