गोदायचं आसव

घाटात गाडीरस्ता नव्हता आणि कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून वर यायचं, त्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या एका सोंडेवर दोन वाड्या होत्या. वरची ती वरवाडी, खालची ती खालवाडी. मध्ये करवंदांची जाळी. सकाळी एका टोकाला शिरलेलं मुंगूस दुसऱ्या टोकाला तिन्हीसांजेला बाहेर पडायचं, एवढी लांब, असं म्हणतात.

वरवाडीत गोदाय राहायची. नवरा लवकर गेलेला, एकुलती लेक चंद्रा खालवाडीत दिलेली. वैशाखात करवंदं काळी झाली की गोदाय टोपली घेऊन जाळीत शिरायची. ओढावं लागलं तर ते करवंद ती सोडून द्यायची. बोट लागताच हातात येईल तेवढंच घ्यायची. मग बरणीत करवंदांचा थर, गुळाचा थर, वर आंबवणासाठी धायटीची सुकवलेली लाल फुलं. तोंडाला फडकं बांधून ते मातीनं लिंपायची आणि बरणी भाताच्या तुसात पुरायची. वर्षभर तिला हात लावायचा नाही. "आत त्याचं काम चाललंय, करू द्या त्याला," म्हणायची. बाळंतिणीला ते आसव चमचाभर पाजलं की तिचे गार पडलेले पाय गरम व्हायचे. गेल्यात जमा झालेल्या सात बायका गोदायनं माघारी आणल्या, असं म्हणतात.

पुढे दोन्ही वाड्यांचं बिनसलं. कशावरून, ते आज कुणालाच सांगता येत नाही. कुणी म्हणतं रेड्यावरून, कुणी म्हणतं लग्नातल्या पंगतीवरून. शेवटी जाळी कुणाची, एवढंच भांडण उरलं. एका वर्षी खालवाडीनं करवंदं लाल असतानाच तोडून नेली, वरवाडीला मिळू नयेत म्हणून. पुढच्या वर्षी वरवाडीनं ती हिरवीच ओरबाडली. त्याच्या पुढच्या वर्षी खालवाडीनं फुलंच झोडपून काढली. हिरव्या करवंदाच्या चिकानं ओठ चिकटायचे, तरी माणसं "आमची करवंदं" म्हणत ती चघळायची. अशी अठरा वर्षं गेली. काळं करवंद कसं असतं ते ठाऊक नसलेली अख्खी पिढी दोन्हीकडे मोठी झाली.

गोदायच्या बरण्या एकेक करून संपल्या. शेवटची उरली ती तिनं चंद्रासाठी राखली. चंद्राची दोन बाळंतपणं वाया गेली होती आणि तिसऱ्यांदा दिवस भरत आले होते. कुणी मागायला आलं की गोदाय त्याला रिकाम्या हातानं परत पाठवायची. तिच्या जिवाला लागायचं, पण बरणी तुसातून हलायची नाही.

फाल्गुनात जाळी पांढरी फुलली तेव्हा वरवाडीनं ठरवलं, झाडच नको. खालवाडीनंही तेच ठरवलं. अठरा वर्षांत दोन्ही वाड्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. दोन्हीकडून माणसं कोयते घेऊन आली, तर जाळीच्या वरच्या काठाला, वाटेतच गोदाय बसलेली, मांडीवर बरणी.

वरवाडीचा हैबती सगळ्यांच्या पुढे होता. "आजे, ऊठ. उगा कोयता लागंल."

"तुला कितवं चाललंय रं, हैबती?"

"इसावं."

"म्हंजी पिकलं करवंद तुला ठावंच न्हाई."

"त्याचं काय एवढं कौतिक? आंबाट आन् चिकाट. तोडू दे, दिस चाललाय."

पलीकडून खालवाडीचा सुभाना गरजला, "म्हातारे, तुझी लेक आमच्यात हाय म्हणून ऐकतोय. न्हाईतर..."

"न्हाईतर काय रं? तुझ्या जल्माच्या येळंला तुझ्या आईला ह्याच आसवानं धरून ठेवली. जा, इचार घरी."

कुणीतरी हसलं. पण कोयते खाली झाले नाहीत.

गोदायनं बरणीकडे पाहिलं. आत किती आहे ते तिला न बघता ठाऊक होतं. चंद्रापुरतं होतं. पण जाळी गेली, तर चंद्राच्या पोरीला काय देणार? आणि त्या पोरीच्या पोरीला? तिनं नखानं माती फोडली. फडकं सुटलं, तसा जाळीभर वास पसरला. तिनं करवंटीत घोटभर ओतून हैबतीपुढे धरलं.

त्यानं ते घाईघाईनं तोंडात टाकलं, आणि तो थांबला. बराच वेळ त्यानं ते गिळलंच नाही.

"हे कशाचं, आजे?"

"तू तोडायला आलास त्याचं."

हैबतीनं कोयता खाली ठेवला. मग करवंटी फिरली, वरवाडीत आणि काट्यांतून हातोहात पलीकडे खालवाडीत. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. तरणी माणसं जाळीकडे नव्यानं बघायला लागली. शेवटच्या माणसापर्यंत बरणी उणी झाली नाही, असं म्हणतात. त्याला मिळालं आणि ती कोरडी पडली.

तेवढ्यात खालून हाक आली. चंद्राला कळा लागल्या होत्या.

जाळीला वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस. गोदाय रिकामी बरणी पोटाशी धरून सरळ काट्यांत शिरली. जाळी आपणहून बाजूला झाली, असं म्हणतात. असंही म्हणतात, की हैबतीनं आणि सुभानानं उघड्या हातांनी काटे दोन्हीकडे ओढून धरले, आणि दोघांचे हात कोपरापर्यंत लाल झाले.

गोदायनं बरणी कोमट पाण्यानं विसळली आणि ते पाणी लेकीच्या तोंडाला लावलं. ते आसवाहून गडद होतं, असं म्हणतात. उन्हं कलायच्या आत चंद्राला मुलगी झाली, आणि चंद्राचे पाय गरमच राहिले.

त्या वर्षी जाळीला कुणी हात लावला नाही. वैशाखात ती काळीभोर झाली. दोन्ही वाड्या दोन्हीकडे उभ्या, आधी तोडणार कोण? शेवटी हैबतीनं एक करवंद घेतलं आणि सुभानाच्या तोंडात घातलं.

अजून तिथं तसंच चालतं. पहिलं काळं करवंद एका वाडीनं तोडायचं आणि दुसऱ्या वाडीला भरवायचं. त्याआधी तोडायचं नाही. जाळीच्या काठावरच्या घरात तुसात बरणी असते, आणि बाळंतीण कुठल्याही वाडीची असो, तिला आधी बरणी विसळलेलं पाणी देतात, मग आसव. आणि कुणी तावातावानं भांडायला उठलं, तर म्हातारी माणसं त्याच्या हातावर एक हिरवं करवंद ठेवतात. ते चघळावंच लागतं. चिकानं ओठ चिकटतात. ते सुटेपर्यंत त्यानं गप्प बसायचं, आणि तेवढ्या वेळात कुणीतरी त्याला गोदायची गोष्ट सांगायची.