गोळ्यांबरोबरचा कागद

टपाल वाटणाऱ्या हिराबाई डोईफोडेंना एक खोड होती: हाती आलेला कागद, मग तो भेळेचा का असेना, वाचल्याशिवाय टाकायचा नाही.

साध्या सर्दीतापावर डॉक्टर सबनिसांनी त्यांना आपल्याच दवाखान्यातून अँटिबायोटिकच्या सुट्या गोळ्या बांधून दिल्या. आठवड्यात टाचेचा स्नायुबंध तुटला आणि हिराबाईंची फिरती बंद पडली. गोळ्यांचा जाब विचारला, तर डॉक्टर म्हणाले, "वय झालं तुमचं." बाई थेट ग्राहक आयोगात गेल्या.

सुनावणीला डॉक्टरांनी त्या गोळ्यांचं छापील माहितीपत्रक ऐटीत फडकावलं. "स्नायुबंध तुटू शकतो, असं यात स्पष्ट लिहिलंय. गोळ्यांबरोबरचा कागद या वाचत नाहीत, त्याला मी काय करू?"

"वाचला की! अक्षरन् अक्षर वाचला," हिराबाई म्हणाल्या.

"मग तक्रार कसली?" डॉक्टर हसले.

बाईंनी पिशवीतून गोळ्यांची पुडी काढून उलगडली. वर्तमानपत्राचा तुकडा होता. कडेला डॉक्टरांच्याच अक्षरात 'सकाळ-संध्याकाळ एक' लिहिलेलं.

अध्यक्षांना राहवेना. "काय छापलंय त्यात?"

"'वृश्चिक: प्रकृती उत्तम राहील, प्रवासाचे योग.' माझीच रास, साहेब. म्हणून तर निर्धास्तपणे गोळ्या घेतल्या!"